घाटातला आवाज, स्टँडची खिडकी

माईक हातात घेतला की आधी ते त्यावर दोनदा फुंकर मारायचे, डावा हात कानावर ठेवायचे आणि समोरच्या गर्दीकडं असे बघायचे, की जणू एवढी माणसं त्यांनाच ऐकायला जमली आहेत. खरं तर माणसं गाडीसाठी जमलेली असायची. गाडी आलेली नसायची, म्हणूनच तर गर्दी असायची.

"हां, तर मायबाप प्रवासी! घाटघरला जाणारी आपली लाडकी लाल गाडी अंघोळ करून, पावडर लावून, निघायच्या तयारीत आहे. पावणं, जागा सोडू नका!"

गाडीचा क्लच गेलेला असायचा. अंघोळ कसली नि पावडर कसली!

त्यांच्या शेजारी, त्याच खिडकीत मी काही वर्षं बसले. जुन्नर-आंबेगावकडच्या स्टँडवर तुम्ही कधी गाडीची वाट बघत बसला असाल, तर हा आवाज तुम्ही ऐकला असणार. ऐकून हसलाही असाल. हसायला तुमचं काय जातं? शेजारी बसणारीचं काय व्हायचं ते मी सांगते.

नाव सांगत नाही, कारण नावानं त्यांना कोणी हाक मारतच नव्हतं. ड्रायव्हर, कंडक्टर, कँटीनवाला, खुद्द डेपो मॅनेजर साहेब, सगळे त्यांना 'निवेदक' म्हणायचे. नोकरी कंट्रोलरची, म्हणजे गाड्या लावायच्या, सोडायच्या आणि माईकवर पुकारायच्या. पण सगळा जीव बैलगाड्यांच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर. आमच्याकडं जत्रेला बैलगाडे पळतात आणि घाटाच्या माथ्यावर मांडवात बसून एक माणूस दिवसभर बोलत असतो. गाडा कोणाचा, गाव कुठलं, बैल कोणाच्या दावणीचे, मालकाच्या आजोबांनी कुठला घाट गाजवला, सगळं. हातात कागद नसतो. समोर जे दिसेल त्यावर बोलायचं आणि थांबायचं नाही. ऐन तारुण्यापासून त्यांनी हेच केलं. मधे शर्यतींवर बंदी आली, तेव्हा ते सगळं बोलणं आमच्या स्टँडवर मुक्कामाला आलं. पुढं बंदी उठली, पण आलेलं बोलणं काही परत गेलं नाही.

मी शिनोलीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी जिथं जाईन तिथं सांगते. लाजायचं काय त्यात? बाप भाताची खाचरं करतो, आई हिरडा गोळा करते, आणि मी मंचरला बी.कॉम. केलं, तेही रोज गाडीनं जाऊन-येऊन. गाडी चुकली की लेक्चर चुकलं. त्यामुळं स्टँडवरच्या सूचनेची किंमत मला कोणी शिकवायला नको. सूचना म्हणजे सूचना. गाडी कुठली, फलाट कुठला, वेळ काय. बास.

स्टँडच्या या खिडकीवर नोकरीला रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सगळ्या सूचना स्वच्छ अक्षरात लिहून काढल्या, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातल्या आणि माईकशेजारी टांगल्या. त्यांनी त्या मन लावून वाचल्या. "अक्षर लई झ्याक आहे, मॅडम," म्हणाले, आणि त्याच कव्हरानं वारा घेत बसले.

"काका, यात बघून बोला की."

"कागद ऱ्हाऊ द्या मॅडम, समोर बघा. ती आजी कागदात हाय का? कोंबडी घेऊन भलत्या गाडीत चढतीय बघा." आणि लगेच माईक. "भीमाशंकरच्या गाडीत चढणाऱ्या आजी! देवाला कोंबडी चालत न्हाई! वतूरची गाडी शेजारी उभी हाय!"

म्हातारी कोंबडीसकट खाली उतरली आणि ओतूरच्या गाडीत जाऊन बसली. सगळं स्टँड हसत होतं.

"तिला ओतूरला जायचंय हे तुम्हाला काय माहीत?"

"सकाळी वतूरच्या गाडीतनं उतरताना बघितलं व्हतं."

बरोबर निघालं ते ठीक आहे. पण आजी ओतूरहून आली आणि पुढं लेकीकडं, भीमाशंकरच्याच वाटेवर शिनोलीला चालली असती तर? हे त्यांना विचारून उपयोग नसायचा. नेम चुकला तर ते त्या चुकीवरच पुढचं वाक्य रचायचे आणि माणसं पुन्हा हसायची. माझ्या डोक्याला मात्र ताप.

एकदा तर कहर केला. घाटात गाडा सुटताना 'भिर्रर्र, झाली!' अशी आरोळी देतात. ती आरोळी कानावर पडली की आमच्याकडचा माणूस जागचा हलतोच. दुपारची वेळ, नारायणगावची गाडी फलाटावर भरलेली, ड्रायव्हर इंजिन चालू करून बसलेला, आणि कंडक्टर कँटीनमधे चहा फुंकतोय. यांना काय सुचलं कोण जाणे. माईकवर, पूर्ण आवाजात, "भिर्रर्र... झाली!" ड्रायव्हर जातिवंत गाडाशौकीन. गाडी सुटली. कंडक्टर हातात कप घेऊन मागं पळतोय, माणसं शिट्ट्या मारतायत, आणि हे माईकवरून, "कंडक्टर भाऊ लई मागं पडले, पण जिद्द सोडली न्हाई!"

ड्रायव्हरनं पुढच्या चौकात गाडी उभी केली. संध्याकाळी मला सांगत होता, "मॅडम, देवाशपथ, मी काय केलंच न्हाई. झाली म्हणल्यावर पाय आपोआप क्लचवरनं उठला."

मी साहेबांकडं तक्रार केली. होय, केली. साहेब हसले आणि म्हणाले, "निवेदक आहे तो, चालायचंच." मी हात टेकले.

एक गोष्ट मात्र मान्य करते. भांडायला आलेला माणूस त्यांनी रिकाम्या हातानं परत पाठवला नाही. एकदा एक तरणा पोरगा खिडकीवर मूठ आपटून ओरडत आला, "तुमची गाडी न्हाई, डबडं हाय डबडं!" मी नियमाप्रमाणं तक्रारवही पुढं सरकवली. तो आणखी भडकला. हे मधे पडले.

"डबडं? अहो पावणं, डबड्याला झाकण तरी असतंय. हिच्या टपाला भोक हाय, तुम्ही बघितलं न्हाई अजून. कुठल्या सीटवर गळती हाय ते मी सांगतो, तिथं बसू नका."

पोरग्यानं मूठ खाली घेतली. मग म्हणाला, "कुठल्या?"

तो गेल्यावर मी विचारलं, "आपल्याच गाडीला नावं ठेवता?"

"त्यानं दोर टाकला, मॅडम. आपण उलटा वडला तर तुटणार. त्याच्याच बाजूनं दोन पावलं चालायचं, म्हंजी दोर ढिला होतो."

मी नंतर एका प्रवाशावर हे करून बघितलं. त्यानं मला विचारलं, "मॅडम, तुम्ही माझी चेष्टा करताय का?" पुन्हा त्या भानगडीत पडले नाही.

आता ज्या गोष्टीवरून आमचं खरं भांडण झालं ती सांगते. पावसाळा संपत आला होता. घाटघरच्या बाजूची एक बाई तान्ह्या पोराला दवाखान्यात दाखवून संध्याकाळी स्टँडवर आली. वर जाणारी शेवटची गाडी नादुरुस्त होऊन वर्कशॉपमधे पडली होती, सुटायची आशा नव्हती. हे निवेदकांना ठाऊक होतं. पण माईकवर काय चाललेलं? "निघतेय, निघतेय! घाटघरची राणी शेवटचा नट आवळून निघतेय!" बाईनं विश्वास ठेवला. बाहेर शेवटची जीप भरत होती, जीपवाला हाका मारत होता, ती गेली नाही. जीप गेली. मग गाडी रद्द.

त्या बाईला मी माझ्या खोलीवर नेलं. पोराला दूध गरम करून दिलं. ती रागावली नव्हती, त्याचंच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "बाई, येणार न्हाई म्हणला असता, तर म्या जीपनं गेले असते. घरी कोणाला ठावंच न्हाई आमी कुठं हाय ते."

दुसऱ्या दिवशी निवेदक ड्युटीवर आले तशी मी त्यांच्यावर तुटून पडले. वयाचा मान वगैरे सगळं बाजूला ठेवलं. "लाज नाही वाटत? गाडी नाही हे माहीत असून तुम्ही बाईला झुलवत ठेवलं!"

ते गोंधळले. खरंच गोंधळले. म्हणाले, "मॅडम, घाटात एक गाडा पळाला की दुसरा जुंपायला येळ लागतो. तवर गर्दी धरून ठेवायची असते. माणसं उठून गेली म्हंजी निवेदक कच्चा."

"घाटात माणसं बघायला आलेली असतात," मी म्हटलं. "इथं घरी जायला आलेली असतात. इथं गर्दी धरून ठेवायची नसते, मोकळी करायची असते."

त्यांनी माईक जवळ ओढला आणि पुढची गाडी पुकारली. त्यानंतर काही दिवस स्टँडवर नुसती गाड्यांची नावं ऐकू येत होती. कँटीनवाला मला येऊन विचारून गेला, "निवेदक आजारी हायेत का?" मला वाटलं, जिंकले. पुढं बोलणं हळूहळू परत आलं, पण नसलेली गाडी 'निघतेय' असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. एवढं श्रेय मी माझ्याकडं घेते.

मार्चमधली ती संध्याकाळ आता. बारावीचे पेपर चालू होते. घाटघरकडच्या चार-दोन मुली रोज खाली तालुक्याला पेपर द्यायला यायच्या. त्या भागाची सगळी भिस्त मुक्कामी गाडीवर. ही गाडी संध्याकाळी वर जाते, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच झोपतात आणि सकाळी तीच गाडी माणसं घेऊन खाली येते. म्हणजे संध्याकाळी गाडी वर गेली नाही, तर सकाळी खाली येणारी गाडीच नाही. मुलींचा दुसऱ्या दिवशी पेपर होता. त्या फलाटावर पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मुक्कामी गाडी रस्त्यात बंद पडल्याचा फोन आला.

निवेदकांनी वरच्या मजल्यावर साहेबांना फोन लावला. मी शेजारीच होते. "साहेब, दुसरी गाडी द्या. पेपर हाय पोरींचा." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. यांनी फोन ठेवला. "उद्या बघू म्हणतात."

"जीपवाल्याला सांगू," मी म्हटलं. "मुली घरी तरी जातील."

"आन सकाळी? जीप भरल्याबिगर हलत न्हाई. पेपर सुरू झाल्यावर पोचून काय करायचं?"

ते मला सांगायची गरज नव्हती. गाडी चुकून बुडलेली माझी एक परीक्षा मला अजून सलते. पण करणार काय? शेड्यूलमधे दुसरी गाडी नव्हती.

त्यांनी माईक घेतला. फुंकर मारली नाही. "मंडळी, घाटघरची मुक्कामी गाडी बिघडली. ती आज येणार नाही. पुन्हा सांगतो, येणार नाही."

मी बघतच राहिले. इतकं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं आता माईक खाली ठेवतील. ठेवला नाही. डावा हात कानावर गेला.

"आता आपल्याकडं काय काय हाय ते बघू. मंचरची गाडी हाय. गाडीत माणसं थोडी हायेत. मंचरकरांनो, इकडं ध्यान द्या. या पोरींचा उद्या पेपर हाय, आन ही गाडी वर गेली तर त्यांचा पेपर हुतो. तुम्हाला नारायणगावच्या गाडीत बसवून देतो, पुढं हायवेला गाड्यांची रीघ हाय. जमंल का?"

गाडीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. दोघं-तिघं उतरले. खिडकीतून एक शेठ बाहेर वाकले. मंचरला किराणा दुकान, जैन माणूस, पणजोबा मारवाडातून आलेले, पण बोलणं अगदी इथलं. "ओ निवेदक, मला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं! दोन गाड्या बदलत मी पोचणार कधी नि जेवणार कधी?"

"शेठ, सूर्याला पुकारून बघतो, दमानं घे म्हणून! पण त्यो माझं ऐकंल याचा भरवसा न्हाई. थांबा!" त्यांची नजर फाटकाकडं गेली. "फाटकाशी पिकअप लावून चहा पिणारे गाडामालक! माल मंचर मार्केटला चाललाय ना? पुढची सीट रिकामी दिसतीय. घाटात नाव पुकारल्यावर तुमी कधी मागं सरला न्हाई!"

गाडामालकानं ग्लास वर केला. "पाठवा शेठला!"

शेठ पिकअपकडं बघून थबकले. "अहो, कांदा भरलाय त्यात!"

"खायचा न्हाई शेठ, नुसतं त्याच्या पुढं बसायचं!"

शेठसुद्धा हसले. पिशवी सावरत उतरले, जाता जाता त्या मुलींना म्हणाले, "नीट लिहा गं, कांद्याच्या गाडीतून चाललोय तुमच्यापायी."

राहिला ड्रायव्हर. मागं एकदा कंडक्टरला सोडून सुटलेला तोच. तो केबिनमधून ओरडला, "माझ्याकडं पांघरूण न्हाई, डबा न्हाई!" गर्दीतली एक घाटघरची बाई लगेच म्हणाली, "डायव्हरभाऊ, भाकरी आमच्यात खावा. नाचणीची हाय, चालंल का? पांघरूणबी दिते." आणि कंडक्टर तिकिटाचं मशीन काखोटीला मारून गाडीकडं निघाला, "या टायमाला मला घेऊन जावा म्हंजी झालं."

एवढ्यावर थांबले असते तर. पण साहेबांच्या परवानगीशिवाय गाडी हलत नाही, आणि साहेब आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या खिडकीत आले होते. निवेदकांनी त्यांना बघितलं. मला कळलं पुढं काय होणार ते. मी माईकची वायर धरली. "काका, बास. साहेब आहेत ते. वर जाऊन नीट विचारा."

त्यांनी माईकवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, फोनवर विचारलं तवा मी एकटा व्हतो."

हात काढला. "मंडळी, वर बघा! आपले साहेब खिडकीत उभे हायेत. सगळ्यांची तयारी झाली. साहेबांनी मान हलवली की गाडा सुटला!"

सगळं स्टँड वर बघायला लागलं. मुलीही. साहेबांचा चेहरा मला अजून दिसतो. एवढ्या माणसांपुढं नाही कोण म्हणणार? त्यांनी मान हलवली. शिट्ट्या, टाळ्या, आणि गाडी घाटघरच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी माझी ड्युटी दुपारची होती. तरी मी सकाळी स्टँडवर जाऊन उभी राहिले. गाडी वेळेत आली. मुली उतरल्या, पेपरचं पॅड छातीशी धरून पळाल्या. मी घरी येऊन चहा केला.

आणि आठवडा संपायच्या आत निवेदकांच्या हातात बदलीचा आदेश. बदली लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. कारणात लिहिलेलं, गाडीचा मार्ग परस्पर बदलला. 'परस्पर' कुठं? अख्ख्या स्टँडदेखत बदलला होता! पण साहेबांना खुपलं होतं ते नेमकं तेच. मी साहेबांकडं गेले. स्पष्ट बोलले. साहेब म्हणाले, "मॅडम, पूर्वी त्यांची तक्रार तुम्हीच केली होती ना?" मी म्हटलं, "केली होती. चूक होती तेव्हा केली होती. आता चूक नाही म्हणून सांगायला आले." काही उपयोग झाला नाही.

शेवटच्या दिवशी ते आपला पाण्याचा तांब्या आणि घाटातल्या सत्काराच्या टोप्या एका पिशवीत भरत होते. मी वैतागलेलीच होते. "सांगत होते मी, वर जाऊन विचारा. ऐकलं असतं तर?"

"वर जाऊन विचारलं असतं तर साहेबांनी चहा पाजला असता, मॅडम. गाडी न्हाई दिली असती."

हेही खरंच होतं, म्हणून जास्त राग आला. "तिकडं तरी कागद बघून बोला."

"तिकडं गाडेच पळत न्हाईत," ते पिशवीची गाठ मारत म्हणाले. "मला कोणाचं गाव ठावं न्हाई, कोणाचा बाप ठावा न्हाई. बघायलाच लागंल कागदाकडं." मग हसले, पण ते हसणं काही त्यांचं नव्हतं.

आता खिडकीत मी असते. सूचना वेळेवर, स्पष्ट, एकही शब्द जास्त नाही. स्टँड शांत असतं. नवीन माणसं म्हणतात, किती शिस्त आहे इथं.

गेल्या आठवड्यात मुक्कामी गाडी पुन्हा अडली. मी माईक घेतला आणि सांगितलं, "घाटघरला जाणारी मुक्कामी गाडी आज येणार नाही." दोनदा सांगितलं. बटण सोडलं.

माणसं हलली नाहीत. पिशव्या खाली ठेवून, माना वर करून खिडकीकडं बघत उभी राहिली. त्यांना वाटत होतं, अजून काहीतरी यायचंय. मी टांगलेल्या कागदाकडं बघितलं. पुढं काही लिहिलेलं नव्हतं. मीच लिहिलं नव्हतं. आणि त्या माणसाचा मला असा राग आला म्हणून सांगू! या लोकांना नादाला लावून स्वतः निघून गेले, आणि आता ही माणसं माझ्या तोंडाकडं बघतायत.

मी बटण दाबलं. स्पीकर खरखरला. फाटकाशी एक पिकअप उभा होता. कोणाचा, कुठल्या गावचा, मला काही माहीत नव्हतं.

"फाटकाशी... पिकअप कोणाचा आहे, भाऊ?" माझा आवाज फाटला. एक पोरगी फिसकन हसली.

मी बटण सोडलं नाही.